आरोग्यचर्चा : गळ्यांतील चार दाणे

गेल्या महिन्याच्या टपालांत यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब येथून एका वाचकभगिनीचें सविस्तर पत्र आलें. त्यांच्या थोरल्या सूनबाईंच्या गळ्यावर तीन-चार वर्षांपासून सूज आहे. आरंभीं ती पदराआड झांकली जाई. आतां सणावारीं ठुशी गळ्यास येईनाशी झाली, इतकी ती वाढली आहे. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, अवटु ग्रंथि, म्हणजे थायरॉइड, दोन्ही अंगांनीं गाठाळली आहे, ती समूळ काढून टाकावी. येथपर्यंत घरांत एकमत होतें. परंतु पुण्याच्या एका आप्तांनीं कळविलें कीं, या शस्त्रक्रियेंत शेजारच्या कांहीं बारीक ग्रंथींस धक्का लागला तर हातपाय वळण्याचें दुखणें जन्मभर मागें लागतें. त्या ग्रंथी दाखविणारा कॅमेरा आतां निघाला आहे, तो असेल तेथेंच जावें. झालें! चिरंजीव म्हणतात मुंबईस नेऊं. पत्रलेखिकेचे यजमान म्हणतात कीं, २०२४ च्या फेब्रुवारीपासून वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली आहे, वर्ध्याचे सर्जन माहितीचे आहेत, उगाच लांब कशास जावें? “सूनबाई मात्र कांहींच बोलत नाहीं,” असें बाईंनीं शेवटीं लिहिलें आहे. साऱ्या पत्रांत आम्हांस तेंच वाक्य अधिक टोंचलें.

पत्रावरून निदान करणें हा आमचा अधिकार नव्हे, आणि तसा मोहहि आम्ही धरीत नाहीं. परंतु अवटु ग्रंथीचे विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत कित्येक पटींनीं अधिक आढळतात, आणि आमच्या वाचकवर्गांत ज्या घरीं थायरॉइडची गोळी घेतली जात नाहीं असें घर आतां शोधावें लागेल. तेव्हां हा प्रश्न एका कुटुंबाचा नाहीं, असें समजून त्यावर थोडें सविस्तर लिहितों.

अवटु ग्रंथि कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेस बिलगून, पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी बसलेली असते. तिच्या पाठीमागच्या अंगास, बहुधा दोन उजवीकडे व दोन डावीकडे, अशा चार इवल्याशा ग्रंथी असतात. त्यांस परावटु ग्रंथी, म्हणजे पॅराथायरॉइड म्हणतात. नांवावरून त्या अवटु ग्रंथीच्या धाकट्या बहिणी वाटतील. पण शेजार सोडला तर दोघींचें काम सर्वस्वी निराळें आहे. एकेकीची लांबी पांच-सहा मिलिमीटर, वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. मसुरीच्या डाळीचा दाणा डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे आकाराची कल्पना येईल. या चार दाण्यांकडे रक्तांतील कॅल्शियमची राखण सोंपविलेली आहे. शंभर मिलिलिटर रक्तांत तें साधारणतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावें लागतें. तें उतरूं लागलें कीं या ग्रंथी आपलें संप्रेरक सोडतात. तें हाडांच्या कोठारांतून कॅल्शियम काढतें, मूत्रावाटे जाणारें अडवितें आणि ड जीवनसत्त्वास कामास लावून अन्नांतून अधिक शोषून घ्यावयास लावतें. कॅल्शियम म्हणजे केवळ हाडांचा चुना, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः मज्जातंतू शांत राहणें, स्नायु हुकमेहुकूम आंखडणें व सैल होणें, हृदयाचा ठोका नियमित पडणें, हीं सर्व कामें त्याच्यावर अवलंबून असतात. तें कमी पडलें तर प्रथम ओठांभोंवतीं आणि बोटांच्या टोकांस मुंग्या येतात, मग हाताचीं बोटें एकत्र येऊन मनगट वळतें, आणि वेळीं उपाय न झाल्यास झटके येण्यापर्यंत मजल जाते.

शरीरशास्त्रज्ञांनीं मनुष्यदेहाचा कानाकोपरा धुंडाळला असतांहि हे दाणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांच्या दृष्टीस पडले नव्हते. ते प्रथम आढळले तेहि मनुष्यांत नव्हेत, तर गेंड्यांत. आणि तो गेंडा आपल्याच देशांतला, एकशिंगी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत बरींच वर्षें राहून तो १८४९ सालीं मेला. रिचर्ड ओवेन या पंडितानें त्याचें विच्छेदन केलें, तेव्हां त्या अजस्र गळ्यांत अवटु ग्रंथीस चिकटलेला एक लहानसा पिंवळट गोळा त्यानें टिपून ठेवला. मनुष्यांतील या ग्रंथींचें नीट वर्णन झालें तें १८८० मध्यें, आणि तें केलें स्वीडनमधील उप्साला येथील ईव्हार सँडस्ट्रोम या तरुणानें. त्याच्या लेखाकडे त्या वेळीं फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १८९१ मध्यें फ्रान्समध्यें यूजेन ग्ले यानें प्रयोगानें दाखविलें कीं, हे दाणे काढले कीं प्राण्याचे स्नायु आंखडूं लागतात.

त्याच सुमाराची एक हकीकत शस्त्रवैद्य अजून सांगतात. व्हिएन्नाचा बिलरोट आणि बर्नचा कोखर हे दोघेहि गलगंडाच्या शस्त्रक्रियेंत त्या काळीं अग्रगण्य. परंतु बिलरोटच्या रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर हातपाय वळण्याचा विकार होई, तर कोखरच्या रोग्यांना तो क्वचितच होई. त्यांची मात्र पुढें अंगावर सूज येऊन बुद्धि मंद होई. एकाच शस्त्रक्रियेचे असे दोन निरनिराळे परिणाम कां? अमेरिकेच्या हॅल्स्टेड या शस्त्रवैद्यानें त्याचा उलगडा केला. बिलरोटचा हात झपाट्याचा. त्यांत अवटु ग्रंथीचे तुकडे मागें राहत आणि परावटु ग्रंथी मात्र निघून जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटे. कोखर संथपणें, रक्ताचा थेंब न सांडतां, ग्रंथीच्या अगदीं कडेकडेनें काम करी. त्यामुळें अवटु ग्रंथि निःशेष निघे व हे दाणे जागच्या जागीं राहत. अवटु ग्रंथीची उणीव आज एका गोळीनें भरून काढतां येते. कोखरच्या वेळीं ती सोय नव्हती. त्याला १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं बाल्टिमोर येथें मॅक्कॅलम व व्होग्टलिन यांनीं दाखवून दिलें कीं, हा वळण्याचा विकार कॅल्शियम कमी पडल्यानें होतो व कॅल्शियम दिल्यानें शमतो. कोणतेंहि यंत्र हाताशीं नसतां केवळ हाताच्या संयमानें चार दाणे राखणारा हा कोखर आम्हांस पुढील सर्व विवेचनांत आठवत राहतो.

आतां कोणी विचारील कीं, जागा ठाऊक आहे, संख्या ठाऊक आहे, मग अडचण कसली? अडचण अशी कीं दोन्ही गोष्टी पुरत्या ठाऊक नसतात. १९८४ सालीं स्वीडनमध्यें ५०३ शवांची तपासणी झाली, तींत चार ग्रंथी शेंकडा ८४ जणांत सांपडल्या. शेंकडा १३ जणांत चाराहून अधिक होत्या आणि शेंकडा तिघांत तीनच. वरची जोडी बहुधा ठरल्या जागीं असते. खालची जोडी मात्र गर्भावस्थेंत लांबचा प्रवास करून येते, आणि वाटेंत कोठेंहि मुक्काम करते. कधीं अवटु ग्रंथीच्या पोटांत शिरून बसते, कधीं थेट छातींत उतरते. अमेरिकेंत चार्ल्स मार्टेल नांवाचा एक कप्तान होता. त्याची एक परावटु ग्रंथि रोगानें वाढून हाडें पोखरीत होती. ती शोधण्यासाठीं १९२६ पासून त्याच्या गळ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९३२ मध्यें सातव्या खेपेस ती छातींत सांपडली. वाढलेल्या ग्रंथीची ही कथा. मग निरोगी दाण्याची काय वाट! त्याचा रंग पिंवळट तपकिरी, आणि शेजारीं चरबीचे गोळे, रसग्रंथी व अवटु ग्रंथीचे सुटे कण. सारें एकाच रंगाच्या छटांचें. त्यांतून रक्ताचा थोडासा जरी ओघळ आला तरी भेद मावळतो. शिवाय दाणा ओळखून जागीं ठेवला एवढ्यानें भागत नाहीं. त्याला रक्त पोंचविणारी वाहिनी केंसाएवढी असते, आणि ती बहुधा अवटु ग्रंथीच्या वाहिनीचीच फांदी असते. ती दुखावली कीं दाणा जागेवर असून निकामी.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पत्रांतहि तो आहे. “आधीं स्कॅन करून त्या ग्रंथी कोठें आहेत हें पाहून ठेवतां येणार नाहीं काय?” असें बाई विचारतात. सोनोग्राफी किंवा किरणोत्सर्गी औषध टोंचून केलेला सेस्टामिबी स्कॅन यांत जी परावटु ग्रंथि दिसते ती रोगानें वाढलेली; कॅप्टन मार्टेलसारख्या रोग्यांना त्याचा मोठा उपयोग. निरोगी दाणे त्यांत सहसा दिसत नाहींत. म्हणून अवटु ग्रंथि काढण्यापूर्वीं अशा स्कॅनसाठीं पैसे मोडूं नयेत. जें पाहावयाचें तें गळा उघडल्यावर, शस्त्रक्रिया चालू असतांच.

आणि तेथेंच या नव्या प्रकाशाचा उपयोग होतो. त्याच्या शोधांत मुंबईचा थोडा वांटा आहे, हें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. अमेरिकेंत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत अनिता महादेवन-जॅन्सन या प्राध्यापिका आहेत. त्यांचें पदार्थविज्ञानाचें पदवीपर्यंतचें व पुढचें शिक्षण मुंबई विद्यापीठांत झालें. प्रकाशानें शरीरांतील निरनिराळे पेशीसमूह ओळखतां येतील काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तेथील शस्त्रवैद्यांना हे दाणे ओळखण्याची अडचण होतीच. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गळ्यांतील निरनिराळ्या भागांवर ७८५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश टाकून पाहिला. हा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा. तो पडतांच परावटु ग्रंथि त्याहून किंचित् लांब लहरींचा, सुमारें ८२० नॅनोमीटरचा, प्रकाश परत टाकूं लागली, आणि तो अवटु ग्रंथीच्या किंवा शेजारच्या चरबीच्या प्रकाशाहून कित्येक पटींनीं तेजस्वी होता. कोणतें औषध टोंचलें नव्हतें, कोणता रंग पाजला नव्हता. ग्रंथीची ती अंगचीच प्रभा. हें संशोधन २०११ मध्यें प्रसिद्ध झालें. ग्रंथींतील कोणतें द्रव्य असें उजळतें, याविषयीं शास्त्रज्ञांत अजून एकमत नाहीं. पण कारण न समजतां उपयोग करणें मनुष्यजातीस नवें नाहीं.

या गुणावर दोन तऱ्हेचीं यंत्रें निघालीं, आणि अमेरिकन सरकारच्या औषध-नियामक खात्यानें दोहोंस एकाच दिवशीं, २ नोव्हेंबर २०१८ रोजीं, परवानगी दिली. एक फ्रान्समधील ग्रनोबल येथें तयार झालेला फ्लुओबीम नांवाचा कॅमेरा. शस्त्रक्रियागृहांतील दिवे मंद करून तो गळ्यावर धरला कीं पडद्यावर काळसर पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके उजळून दिसतात. दुसरें पीटीआय, हें चित्र दाखवीत नाहीं. लेखणीसारखी एक सळई संशयित दाण्यास टेंकवावयाची, आणि तो परावटु असेल तर यंत्र आवाज करून सांगतें. पहिल्यानें सारा परिसर एका नजरेंत येतो, दुसऱ्यानें एका दाण्याची शहानिशा होते. काढून टाकलेली अवटु ग्रंथि टाकून देण्यापूर्वीं तीहि कॅमेऱ्याखालीं धरतात. तिला चिकटून एखादा दाणा चुकून आला असेल तर तो ओळखतां येतो, आणि त्याचे बारीक तुकडे करून मानेच्याच स्नायूंत पेरतां येतात. कांहीं आठवड्यांनीं ते तेथें रुजून काम करूं लागतात.

तथापि या प्रकाशाच्या मर्यादा मोठ्या आहेत. तो कांहीं मिलिमीटरच आंत शिरतो. कळंबच्या श्रीचिंतामणीचें दर्शन रस्त्यावरून होत नाहीं, जमिनीखालीं पायऱ्या उतरून जावें लागतें, हें तेथील मंडळींस सांगावयास नको. तसेंच हें आहे. चरबीच्या थराखालीं किंवा अवटु ग्रंथीच्या पाठीमागें दडलेला दाणा सर्जननें स्वतः उतरून उघडा केल्यावांचून कॅमेऱ्यास दिसत नाहीं. कधीं चरबीचा कणहि उगाच चमकतो. आणि सर्वांत मोठी उणीव ही कीं, रक्तपुरवठा तुटलेला दाणाहि तितकाच उजळ दिसतो. देहाबाहेर काढून ताटलीत ठेवला तरी उजळतोच. शेतांतलें रोप हिरवें दिसतें, पण खालीं पाट फुटला आहे, अशांतला हा प्रकार.

पाटाची परीक्षा करण्यास दुसरा उपाय आहे. इंडोसायानिन ग्रीन नांवाचा एक हिरवा रंग शिरेंतून टोंचतात. हा रंग फोटोग्राफीच्या व्यवसायांतून, कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंतून वैद्यकांत आला, आणि १९५० नंतरच्या दशकापासून हृदय व यकृत यांच्या तपासणीस वापरला जात आहे. मिनिट-दोन मिनिटांत तो रक्ताबरोबर दाण्यांत पोंचतो, आणि त्याच जातीच्या कॅमेऱ्याखालीं जिवंत दाणा उजळतो; ज्यास रक्त नाहीं तो काळाच राहतो. जिनीव्हा येथील शस्त्रवैद्यांनीं २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, एक जरी ग्रंथि अशी नीट उजळली तर रोग्याचें कॅल्शियम पुढें उतरत नाहीं. चार दाण्यांपैकीं एक धड राहिला तरी संसार चालतो, हें यांतून चांगलेंच ध्यानांत येतें. मात्र या रंगांत आयोडीन असल्यामुळें ज्यांना त्याचें वावडें आहे त्यांस तो देत नाहींत. चीनमध्यें अवटु ग्रंथींत कोळशाचे अतिसूक्ष्म कण टोंचून तीच काळी करून टाकण्याची रीत आहे. ती काळी पडते, दाणे पडत नाहींत, आणि फरक साध्या डोळ्यांनींच दिसतो.

मग या साऱ्याचा रोग्यास लाभ किती? फ्रान्समधील तीन रुग्णालयांत २४१ रोग्यांवर रीतसर तुलना करून २०२० मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॅमेरा वापरलेल्यांपैकीं शेंकडा ९.१ जणांचें कॅल्शियम शस्त्रक्रियेनंतर तात्पुरतें उतरलें. न वापरलेल्यांत हेंच प्रमाण शेंकडा २१.७ होतें. हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्याच्या भीतीनें कळंबच्या घरांत वाद माजला, ती जन्मभराची उणीव दोन्ही गटांत इतकी विरळा होती कीं, तींत कॅमेऱ्यानें फरक पडतो असें या प्रयोगानें सिद्ध झालें नाहीं. अनुभवी हातीं ती शेंकडा दोन-चार जणांच्या आंतबाहेरच राहते.

म्हणून आमचें मत आम्ही स्पष्टपणें सांगतों. कॅमेरा असेल तर उत्तम. पण कॅमेऱ्यासाठीं सर्जन निवडूं नये. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत (ती २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली) असें आढळलें कीं, जे सर्जन वर्षांत २५ हून अधिक वेळां संपूर्ण अवटु ग्रंथि काढतात त्यांच्या रोग्यांस उपद्रव कमी होतात. तेव्हां पत्रलेखिकेच्या यजमानांनीं आपल्या माहितीच्या सर्जनांस संकोच न धरतां विचारावें कीं, ही शस्त्रक्रिया आपण वर्षांत किती वेळां करितां? चांगला सर्जन या प्रश्नानें रागावत नाहीं. उत्तर समाधानकारक असेल तर केवळ कॅमेऱ्यापायीं मुंबईचा प्रवास आम्हांस आवश्यक वाटत नाहीं. वर्ध्याजवळ सेवाग्रामास १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, यवतमाळासहि शासकीय महाविद्यालय आहे, दुसरें मत घेण्यास फार लांब जावें लागत नाहीं. उत्तर मोघम असेल तर मात्र चिरंजीवांचें ऐकावें. दुसरा प्रश्न असा विचारावा कीं, ग्रंथि संपूर्णच काढणें अवश्य आहे काय? दोन्ही अंगांस मोठ्या गाठी असल्यास बहुधा उपाय नसतो. पण दोष एकाच अंगास असेल तर अर्धी ग्रंथि काढून भागतें, आणि दुसऱ्या बाजूचे दोन दाणे आपोआप सुरक्षित राहतात. लहान व सौम्य कर्करोगांतहि असें अर्धें काढणें पुरतें, असें अमेरिकन थायरॉइड संघाच्या २०१५ च्या मार्गदर्शनांत म्हटलें आहे. आणि हे प्रश्न विचारतेवेळीं सूनबाईंना बाहेरच्या बांकावर बसवूं नये. गळा त्यांचा आहे. आवाजाच्या नसेविषयीं, व्रणाविषयीं, पुढें होणाऱ्या बाळंतपणाविषयीं त्यांच्या मनांत जें असेल तें त्यांनींच डॉक्टरांपुढें बोलावें. त्या घरांत बोलत नाहींत याचा अर्थ त्यांना विचारावयाचें कांहीं नाहीं, असा आम्ही करीत नाहीं.

कॅमेऱ्यापेक्षांहि ज्या गोष्टीची आम्हांस अधिक काळजी वाटते ती शस्त्रक्रियेनंतरच्या तीन-चार दिवसांची. परावटु ग्रंथींचें संप्रेरक रक्तांत कांहीं मिनिटेंच टिकतें, म्हणून तें त्याच दिवशीं तपासलें तर पुढचा अंदाज येतो. कॅल्शियम मात्र हळूहळू उतरतें आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तळ गांठतें. नेमक्या त्याच वेळीं रोगी घरीं परतलेला असतो. घरांत भेटीस येणाऱ्यांची रीघ, चहापाणी, आणि अशांत ती हळूच म्हणते कीं ओठांना मुंग्या येताहेत, बोटें जड वाटतात. मग कोणी म्हणतें अशक्तपणा आहे, कोणी म्हणतें वात आहे, आणि फार शहाणें माणूस म्हणतें कीं मनानें घेतलें आहे. बायकांच्या दुखण्यास “मनाचा खेळ” म्हणण्याची आपल्या घरांतली जुनी खोड या वेळीं प्राणावर बेतूं शकते. मुंग्या सुरू झाल्या कीं त्या खऱ्या समजून त्याच तासाला डॉक्टरांस कळवावें, आणि हात वळूं लागला तर रात्र असो कीं पहाट, रुग्णालय गांठावें. शिरेंतून कॅल्शियम दिलें कीं पाहतां पाहतां आराम पडतो. घरीं निघतांना रुग्णालयाचा रात्रीचा फोन क्रमांक लिहून घ्यावा आणि कळंबांत रक्ताची तपासणी कोठें होईल, तें आधींच पाहून ठेवावें. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर तीन मिनिटें घट्ट ठेवला असतां मनगट वळून बोटें एकत्र आलीं, तर कॅल्शियम उतरल्याची ती खूण डॉक्टर मानतात. परंतु घरीं हे प्रयोग करूं नयेत.

बहुतेकींची ही उणीव कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते. दुखावलेले दाणे सावरतात. तोंपर्यंत कॅल्शियमच्या व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, ठरल्या मात्रेंत, घ्याव्या लागतात. बरें वाटूं लागलें म्हणून आपल्या मनानें त्या बंद करूं नयेत, आणि शेजारणीस लागू पडल्या म्हणून वाढवूंहि नयेत, कारण अधिक कॅल्शियमनें मूत्रपिंडास अपाय होतो. शिवाय अवटु ग्रंथि समूळ काढल्यावर थायरॉक्झिनची गोळी कायमचीच. ती सकाळीं उपाशीं पोटीं, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर निदान चार तासांनीं. दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम थायरॉक्झिनला शोषूं देत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका घरीं आजी दोन्ही गोळ्या एकाच वाटींत काढून सुनेस चहाबरोबर देत असत, आणि सहा महिने थायरॉक्झिनची मात्रा वाढत कां जाते याचा डॉक्टरांस उलगडा होत नव्हता.